आईच्या आधी लावलेला शब्द

गुरुजी, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली तरी माझा तुमच्यावरचा राग उतरलेला नाही, तो आज लिहून काढतोय. सातवीत होतो तेव्हा तुमच्यासमोर मान वर करून बोलायची छाती नव्हती आणि छाती झाली तेव्हा तुम्ही नव्हता. आता मी बावीस वर्षांचा आहे. कॉलेज अर्ध्यावर सोडलंय, सात रस्त्याजवळच्या एका छापखान्यात खिळे जुळवतो, आणि जिच्याशी चार शब्द बोलल्याशिवाय माझा दिवस उजाडत नव्हता ती मुलगी पाच महिने झाले माझ्याकडं बघत नाही. या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे. तो तुम्ही माझ्या वहीत लाल शाईनं लिहिलात, माझ्या आईच्या आधी. म्हणून हे तुम्हालाच.

शाळाशाळांमधली निबंधाची स्पर्धा होती आणि विषय होता 'माझी आई'. तुम्ही सगळ्यांकडून लिहून घेतलंत आणि मधल्या सुट्टीत मला एकट्याला थांबवलंत. माझं घर तुम्हाला ठाऊक होतं. बाप मेंढरांमागं, वर्षातले आठ महिने वेळापूरच्या पलीकडं माळावर. आई मला शिकवायचं म्हणून सोलापुरात मामाच्या शेजारी खोली घेऊन राहिलेली आणि गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात लागलेली. मी लिहिलं होतं की माझ्या आईचा आवाज खात्यातल्या सगळ्या यंत्रांच्या वर ऐकू येतो. खात्यावर मुकादमी करणाऱ्या जॉबरनं एकदा एका बाईवर काठी उगारली तर आईनं ती हिसकावून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे त्याच्या हातात परत दिले. हसताना ती तोंडावर पदर घेत नाही. एवढंच, दीड पान. वाचता वाचता तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला वाटलं, जिंकलं. मग तुम्ही लाल शाईचं पेन उघडलंत. काठीवर आडवी रेघ मारलीत, हसण्यावर मारलीत, आणि 'माझी' आणि 'आई' यांच्यामध्ये जी इवलीशी जागा होती तिथं खालून बाण काढून वर लिहिलंत, गरीब बिचारी. शेवटी एक वाक्यही घातलंत, तिच्या डोळ्यांतलं पाणी कधी खळत नाही म्हणून. मी भीत भीत म्हणालो, "गुरुजी, आई रडत नाही."

"निबंधात रडते," तुम्ही म्हणालात आणि वही माझ्या हातात दिलीत.

बक्षीस मिळालं, ते तुम्हाला मिळायलाच पाहिजे होतं. समारंभाला आई पाळी संपवून तशीच आली, केसांत कापसाचं तूस, आणि मांडवात मागं उभी राहिली. करुण वाक्याच्या आधी क्षणभर थांबायचं हे तुम्ही मला आठ दिवस घोकवून घेतलं होतं. मी थांबलो. मग खणखणीत आवाजात म्हणालो, माझी गरीब बिचारी आई. सगळा मांडव मान वळवून मागं बघायला लागला. पाहुण्यांबरोबर एक बाई आल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांना खरोखरच पाणी आलं. त्यांनी आईला पुढं बोलावलं, बिचारी गं बिचारी म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि एक लुगडं पाठवून देते म्हणाल्या, वापरलेलं आहे पण चांगलं आहे. आई म्हणाली, "लुगडी हायती की बाई माझ्याकडं. तुमालाच येकादं पायजे आसंल तर सांगा." बाईंना वाटलं, बिचारी बावरली. बक्षिसात एक स्टीलचा पेला होता, आई तो आजही दळणाचं धान्य काढायला वापरते. त्यातून ती कधी पाणी प्यायलेली नाही.

आम्ही घरी आलो आणि आई चुलीपुढं बसली. भाकरी थापताना म्हणाली, गरीब गाय आसती, म्या गाय हाय व्हय रं? आमच्यात गरीब हा शब्द पैशासाठी नाहीच, गुरुजी. पैसा नसला की माणूस नडलेला असतो, आणि नड येते तशी जाते. गरीब ते जनावर, जे शिंग मारत नाही, लाथ घालत नाही, ज्याला कुणीही येऊन पिळून जावं. स्थळ सांगायला आलेला माणूस म्हणतो की पोरगी स्वभावानं लई गरीब हाय, म्हणजे काय म्हणतो ते पोरीच्या आईला बरोबर कळतं. आणि बिचारा म्हणजे काय ते बापानं मला फार लहानपणी सांगून ठेवलं होतं. बि म्हणजे बिन. ज्याच्या मेंढरांना चारा नाही तो बि-चारा. मी बरेच दिवस तोच अर्थ खरा धरून चाललो होतो. चुकीचा असेल, पण त्या अर्थात निदान दोन पाऊस चांगले झाले की माणूस बिचारा राहत नाही. तुमच्या अर्थात तो जन्मभर राहतो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीला जाता जाता आई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली, ते तुम्ही विसरला नसाल. मी पहिल्या बाकावर होतो आणि फरशीत जागा मिळाली असती तर आत गेलो असतो. तिनं विचारलं, पोरानं लिहिलेलं खोडून तुमी काय लिव्हलं मास्तर? तुम्ही उठून उभे राहिलात, बसा म्हणालात, ती बसली नाही. तुम्ही तिला समजावलंत की शब्द वाईट नाही बाई, साहित्यात चांगल्या माणसालाच लावतात.

"मग तुमच्या आईला लावा की," ती म्हणाली.

तुम्ही वळलात आणि कोरा फळा पुसायला लागलात. आई निघून गेली, भोंगा व्हायला पाच मिनिटं होती. त्यावर तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत. रागावला नाहीत, चुकलं म्हणाला नाहीत. एवढ्यासाठी मी तुमची किती वाट बघितली असेल. मी आठवीत गेलो आणि तुमच्या छातीचं दुखणं बळावलं, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गेलातच. शोकसभेत हेडमास्तर काय म्हणाले सांगू? म्हणाले, बिचारे फार गरीब स्वभावाचे होते. गुरुजी, तुम्ही! ज्यांनी फेकलेलं डस्टर माझ्या कानाला लागून अजून तिथं खूण आहे ते तुम्ही गरीब स्वभावाचे! मला भर सभेत हसू आलं आणि त्याबद्दल मार मिळाला. पण रात्रभर मला एकच वाटत राहिलं की त्यांनी तुमचीही काठी खोडली.

त्यानंतर मी वाचायला लागलो ते शोध घेतल्यासारखा. वाचनालयातलं जे पुस्तक हाताला लागेल त्यात हा शब्द शोधायचा. सापडायचाच, आणि बहुतेक वेळा त्याच्या मागून एक 'पण' यायचा. गरीब पण प्रामाणिक. गरीब पण स्वाभिमानी. झोपडी गरिबाची, पण सारवून स्वच्छ ठेवलेली. श्रीमंत पण प्रामाणिक असं एकदा तरी कुणीतरी लिहा की! श्रीमंताच्या प्रामाणिकपणाला तो पण लागतच नाही, आमच्याला लागतो. आम्ही मुळात चोर आणि घाणेरडे असायचो, तसे निघालो नाही म्हणून लेखकाला कौतुक. बंगलेवाल्याचा मुलगा मेला तर तो दुर्दैवी पिता, हमालाचा मेला तर गरीब बिचारा. एकाला दैवानं मारलं, दुसऱ्याचं मरण त्याच्या अंगचंच. पहिल्या पानावर मोलकरणीला बिचारी म्हटलं की लेखक मोकळा झाला, मग ती काय खाते, कुणाशी भांडते, कशाला हसते हे सांगायचं काम त्याला उरत नाही. ती दारात येते, डोळ्यांना पदर लावते, जाते. आमच्या चाळीत पस्तीस बायका आहेत. डोळ्यांना पदर लावून गप जाणारी मला तरी एक दिसलेली नाही.

आणि एवढं सगळं कळत असून मी काय केलं ते आता ऐका.

कॉलेजात माझ्या वर्गात शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी होती. घर तेलुगू, वडील मागावर चादरी विणायचे, आई घरी विड्या वळायची, हीसुद्धा कॉलेजातून घरी गेली की विड्यांचं सूप मांडीवर घ्यायची. तिच्या बोटांना तंबाखूचा वास यायचा आणि तो मला अत्तराहून आवडायचा, आता लिहायला लाज कसली. वह्या देण्याघेण्याचं निमित्त करून एकदा एप्रिलच्या दुपारी मी तिच्या घरी गेलो, अर्धं सोलापूर पायी ओलांडून. दारातच तिची आई बसली होती. माझ्याकडं बघून ती हळहळून म्हणाली, पापम्. पुन्हा आत वळून मुलीला काहीतरी सांगताना तेच, पापम्. मी तापलो. पाप? मी काय पाप केलं होतं? मनात जे होतं ते हिला चेहऱ्यावर दिसलं की काय? पुढं आलेला चहा तसाच ठेवून मी उठलो आणि माझ्यात काही पाप नाही असं ठणकावून सांगून चालायला लागलो. दुसऱ्या दिवशी ती मुलगी लायब्ररीच्या पायरीवर पोट धरून हसत होती. आमच्यात पापम् म्हणजे बिचारा रे, ती म्हणाली. मी म्हटलं, मग तर आणखीच वाईट. ती म्हणाली, "वाईट काय त्यात? उन्हानं तोंड लालभडक झालं होतं तुझं. तशा माणसाला काय, शाबास म्हणायचं?"

त्या दिवसापासून तिच्या आईचा तो शब्द मला टोचेनासा झाला. मी गेलो की ती सूप सरकवून जागा करायची, पापम् म्हणायची, पाणी द्यायची. पाणी पिऊन झालं की तो शब्दही संपायचा. मग ती मला माझ्या शर्टाच्या बटणावरून, माझ्या तेलुगूवरून मनसोक्त टोमणे मारायची.

पुढच्या वर्षी वार्षिक अंकासाठी आमच्या मराठीच्या प्राध्यापकांनी कथा मागितल्या. मी ठरवलं, हिच्या आईवर लिहायचं. चार दिवस कॉलेजला न जाता लिहिली. विडी कामगार स्त्री, तिची हुशार मुलगी, आणि समोरच्या कोपऱ्यावर उभा राहणारा एक तरुण. प्राध्यापकांना आवडली, त्यांनी ठेवून घेतली. दुसरी हस्तलिखित प्रत मी मोठ्या डौलात तिला दिली. मला वाटलं होतं ती वाचून गहिवरेल. तिनं तिथंच पायरीवर बसून वाचली आणि पेन्सिलीनं खुणा करत गेली. मग मला वही परत दिली. जिथं जिथं 'गरीब' आणि 'बिचारी' आलं होतं तिथं गोल होते, आणि पानं गोलांनी भरली होती.

तिनं शांतपणे विचारलं की ही बाई कोण. मी म्हटलं, तुझी आई. ती म्हणाली, माझी आई मान खाली घालून रडते कधी? तू बघितलंस? मी म्हटलं, कथेत... आणि पुढचं वाक्य मी गिळलं, गुरुजी, कारण ते तुमचं होतं. ती म्हणाली, "हिचे अश्रू टपटप तंबाखूत पडतात असं लिहिलंयस. तंबाखू भिजला तर विडी जळत नाही. ती छाटात जाते, तिचे पैसे कापतात. आमच्यात असं रडणं परवडत नाही." मग तिनं सांगितलं की तिच्या आईच्या विड्या एकदा कारखान्यातल्या तपासनिसानं उगाच छाटात टाकल्या, तर आईनं त्यातलीच एक उचलून पेटवली, त्याच्यासमोर निम्मी ओढली, धूर त्याच्या तोंडावर सोडला आणि विचारलं, आता सांग कुठं विझली. हे आई सांगत होती तेव्हा तू तिथंच बसला होतास, ती म्हणाली. तू हसलाही होतास. ते कुठं गेलं?

माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हणालो, तुझ्या आईनं मला दहा वेळा पापम् म्हटलं ते मी ऐकून घेतलं की.

"ती पाणी देऊन म्हणाली," ती म्हणाली. "तू काय दिलंस?"

आणि उठता उठता तिनं ते विचारलं, जे पाच महिने माझ्या डोक्यात घुमतंय. तुला माझी कीव येते का रे? म्हणून येतोस का आमच्या घरी? मला एवढंच म्हणायचं होतं की नाही, मला तू आवडतेस. तेवढं सोडून मी सगळं बोललो. ओरडलो, साहित्य तुला कळत नाही म्हणालो, लोक बघायला लागले. तिनं पुस्तकं छातीशी धरली आणि म्हणाली, खरं उत्तर असेल तेव्हा ये, तोवर येऊ नको.

मी तसाच प्राध्यापकांच्या खोलीत गेलो आणि कथा परत द्या नाहीतर ते शब्द काढू द्या म्हणालो. ते खुर्चीत मागं रेलून हसले. म्हणाले, अरे, ते काढलं तर कथेत उरतं काय? खोलीतले बाकीचेही हसले. मग ते म्हणाले, तू स्वतः गरीब घरातला, तुझ्या लेखणीला हे फार शोभून दिसतं. माझा हात टेबलावर आपटला, शाईची दौत त्यांच्या हजेरीपटावर आडवी झाली. मुद्दाम नव्हतं, पण चुकूनही नव्हतं. प्राचार्यांनी माफीचा अर्ज आणायला सांगितलं. कारकून बरा माणूस होता, त्यानं कागद पुढं सरकवला आणि नेहमीच्या सवयीनं सांगायला लागला, लिही, मी एक गरीब विद्यार्थी असून. मी पेन थांबवलं. म्हटलं, शाई सांडली हे लिहितो, माफ करा हेही लिहितो, हे लिहीत नाही. तो म्हणाला, सगळेच लिहितात रे, अर्जाची रीत आहे, त्याशिवाय साहेब वाचत नाहीत. मी कागद तिथंच ठेवला आणि जिना उतरलो तो पुन्हा चढलो नाही.

आईला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ती तरी पाठीवर थाप मारील. तिनं भाकरीचा तुकडा हातातच धरून सगळं ऐकलं. "भांडलास ते ब्येस केलंस," ती म्हणाली. "पर कालेज कशापायी सोडलं? म्या काठी मोडली, गिरनी न्हाय सोडली." हल्ली सगळ्या बायका मला उत्तर नसलेलेच प्रश्न विचारतात.

तर आता छापखाना. उभं राहून शिशाचे खिळे एकेक उचलायचे, उलटी अक्षरं सुलटी धरून ओळ जुळवायची. दिवाळी अंकाचं काम आलं तेव्हा मला कळलं की जो शब्द मी पुस्तकात शोधत फिरायचो तो आता मला स्वतःच्या बोटांनी जुळवायचाय, आणि शिसं जड असतं. पहिल्यांदा मी चुकून गाळला. मग मुद्दाम गाळायला लागलो. एका कथेतल्या गरीब बिचाऱ्या भाजीवालीला मी नुसती भाजीवाली केली आणि काय सांगू, ती एकदम टोपली घेऊन ताठ उभी राहिली. लेखकाचं पत्र आलं. मालकांनी मला बोलावून विचारलं की तू जुळारी आहेस का संपादक. मी म्हटलं, ब कमी पडत होते. ते म्हणाले, अजून एकदा ब कमी पडले तर तुझी हजेरी कमी पडेल. तेव्हापासून मी निमूट जुळवत होतो, दात खाऊन.

गेल्या आठवड्यात कॉलेजचा वार्षिक अंक आला. दर वर्षीसारखा उशिरा, आणि छापायला आमच्याकडंच. गठ्ठ्यात माझी कथा होती. प्राध्यापकांनी ती काढली नव्हती, फक्त ऱ्हस्वदीर्घ सुधारलं होतं. मालकांनी वर नाव कुणाचं आहे ते बघितलंच नाही, सरळ ती पानं माझ्यापुढं टाकली. मी ठरवून टाकलं की जे होईल ते होवो, तिनं गोल केलेला एकही शब्द जुळवायचा नाही. तसं केलं. ओळी मोजल्या तर कथा चांगली बोटभर आखडली होती. मग उरलेलं वाचलं. प्राध्यापक बरोबर होते. त्यात काहीच उरलं नव्हतं. एक बाई बसली होती, तिला हात नव्हते, तोंड नव्हतं, ती कुठल्या रंगाचं लुगडं नेसली होती तेही मी लिहिलं नव्हतं. तुम्ही काठी खोडलीत, गुरुजी, आणि त्यासाठी मी तुम्हाला आठ वर्षं शिव्या घातल्या. पण मी ती निदान लिहिली तरी होती. या कथेत खोडायलासुद्धा कुणाला काही सापडलं नसतं. हे कबूल करतोय म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. तेरा वर्षांच्या मुलाला बघितलेलं खोडायला तुम्हीच शिकवलंत. पुढं बघायचंच नाही, हे मात्र मी माझं माझं शिकलो.

पानं भरायला हवी होती. मग मी समोर कागद न ठेवता जुळवलं. सुपातली पानं, पत्र्याचं माप ठेवून ती कापणारी कात्री, बोटाला गुंडाळलेला दोरा. वळता वळता ती म्हणते ते गाणं, मला फक्त चाल येते म्हणून फक्त चालीबद्दल. माझ्या बटणांवरचे टोमणे. तपासनिसासमोर ओढलेली ती निम्मी विडी, धूर कुठल्या बाजूला गेला त्यासकट. दोन दिवस लागले आणि बोटभराच्या जागी मला दीड पान जास्त झालं, ते बसवायला मी एका प्राध्यापकांच्या लेखातली रिकामी जागा आवळली. प्रूफ कॉलेजात जाऊन आलं. त्यावर सही होती आणि एकही दुरुस्ती नव्हती, म्हणजे कुणी वाचलं नव्हतं. अंक प्रत्येक विद्यार्थ्याला मिळतो. तिलाही मिळेल. तिनं विचारलेल्याचं मला जमेल तसं उत्तर त्या पानांत आहे.

काल मशीनवरचे चाचा शेजारी डबा खात होते, तेव्हा मी त्यांना सहज विचारलं की बिचारा म्हणजे नक्की काय हो. ते म्हणाले, "बेचारा. जिसका कोई चारा नहीं. चारा बोले तो इलाज." मी त्यांना बापाची मेंढरं आणि बापाचा चारा सांगितला तर त्यांना हसून हसून ठसका लागला. मग म्हणाले, तेरा बाप भी गलत नहीं बोला.

मशीन उद्या सकाळी सुरू होईल. हे सगळं मी टाकून दिलेल्या प्रूफांच्या पाठीमागं लिहिलंय, ते कुठं पाठवायचं नाहीये आणि पाठवायला पत्ताही नाही. पण एक राहिलं. कथेच्या शेवटी तो तरुण असतो, भर उन्हात तिच्या घरासमोरच्या कोपऱ्यावर. तिथंही मी तोच शब्द लिहिला होता, तो बिचारा उभा होता. तिची पेन्सिल शेवटपर्यंत आली होती, पण यावर तिनं गोल केला नव्हता. बाकीचे सगळे काढले आणि याच्यापाशी माझा हात थांबला. चाचांनी सांगितलेला अर्थ इथं चपखल बसतो, याला खरंच इलाज नाही, असं मी स्वतःला दोनदा बजावलं. ते खोटं आहे. तो शब्द बरोबर आहे म्हणून मी ठेवलेला नाही. वाचता वाचता तिच्या तोंडून तो एकदा निघावा म्हणून ठेवलाय, तिच्या घरच्या भाषेत निघाला तरी चालेल.